मदत हवी आहे: सर्व्हर चालू असूनही देखरेखीचा पडदा रिकामा राहतो

वेर्णे_रात्रपाळी: वेर्णे येथील आमच्या कारखान्यातील सर्व्हर आणि वीजमीटर यांच्या नोंदी प्रोमिथियस हा देखरेखीचा प्रोग्राम गोळा करतो व त्या ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रामवर दिसतात. गेले काही दिवस हा पडदा बहुतेक वेळ रिकामा असतो. सर्व्हर व्यवस्थित चालू असूनही प्रोसेसर आणि मेमरीच्या रेघा उमटत नाहीत. रात्रपाळीला मी एकटाच असतो, त्यामुळे कृपया लवकर उपाय सांगावा.

जुवारी_काठ: नोंदी किती सेकंदांनी मागवता, मीटर कसे जोडले आहेत आणि ते वाचतो कोण, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुळागर: प्रोमिथियस मुळात १० सेकंदच उत्तराची वाट पाहतो. ती मर्यादा ३० करा. आमच्याकडे तेवढ्यानेच भागले.

वेर्णे_रात्रपाळी: नोंदी दर १५ सेकंदांनी मागवतो. आठही मीटर आरएस-४८५ या, अनेक उपकरणे एकत्र जोडण्याच्या पद्धतीच्या, एकाच तारेवर, ९६०० बॉडच्या वेगाने आहेत. सर्व्हर आणि मीटर दोन्ही एकच स्क्रिप्ट वाचते. मर्यादा ३० केल्यावर प्रोमिथियस सुरूच झाला नाही.

जुवारी_काठ: होणारच नाही, कारण ती मर्यादा नोंदी मागवण्याच्या अंतरापेक्षा मोठी चालत नाही. पडदा रिकामा असतो म्हणता, तर मग भरतो कधी?

वेर्णे_रात्रपाळी: वीज गेली की! जनित्र सुरू झाले की सगळ्या रेघा दिसतात आणि वीज परत आली की नाहीशा होतात. चतुर्थीच्या आधी जनित्राच्या पॅनेलवर आठवा मीटर बसवला, पण त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

आल्तिणोची_पायरी: तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रोधक आहे का? पावसाळ्यात अर्थिंगही तपासून घ्यावे.

जुवारी_काठ: रोधक असावाच, पण दोष तिथे नाही. त्या आठव्या मीटरला जनित्र चालू असतानाच वीज मिळत असणार. एरवी तो मुका असतो आणि स्क्रिप्ट त्याच्या उत्तरासाठी ताटकळते. ती किती वेळ थांबते आणि किती वेळा विचारते, ते पाहा.

वेर्णे_रात्रपाळी: प्रत्येक वेळी ३ सेकंद, असे चार वेळा.

जुवारी_काठ: म्हणजे एका बंद मीटरपायी १२ सेकंद जातात. १० सेकंद उलटताच प्रोमिथियस ती संपूर्ण फेरी सोडून देतो आणि वेळेवर वाचलेले सर्व्हरचे आकडेही तिच्याबरोबर जातात. सर्व्हरसाठी नोड एक्स्पोर्टर (सर्व्हरचे आकडे प्रोमिथियसला देणारा तयार प्रोग्राम) वेगळा लावा. स्क्रिप्टने मीटर पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे वाचत राहावे आणि प्रोमिथियसला शेवटचा आकडा, तो वाचल्याच्या वेळेसह, तात्काळ द्यावा.

कुळागर: हे मला पटत नाही. वाचायला मिनिटाहून अधिक वेळ लागत असेल तरच आकडा साठवावा, असे प्रोमिथियसच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे. साठवलेला आकडा ताजा समजून माणूस फसतो. मीटरचे वेगळे टार्गेट (प्रोमिथियस जिथून नोंदी मागवतो ते ठिकाण) करून त्याला मोठे अंतर द्यावे.

जुवारी_काठ: फसू नये म्हणूनच वाचल्याची वेळ सोबत द्यायची आणि ती दोन मिनिटांहून जुनी झाली की इशारा द्यायचा. वेगळे टार्गेट हवेच, पण तेवढ्याने भागणार नाही. जनित्राचा मीटर त्याच तारेवर असल्याने इतर सात मीटर त्याच्यामागे अडकतीलच. त्याच्यासाठी एकच प्रयत्न आणि अर्धा सेकंद पुरे.

वेर्णे_रात्रपाळी: सर्व्हर वेगळे केले आणि प्रयत्न एकावर आणला. पहिल्याच फेरीत सगळ्या रेघा उमटल्या. जनित्र बंद असताना त्याच्या मीटरपुढे शून्य दाखवू की जागा रिकामी ठेवू?

जुवारी_काठ: रिकामी ठेवा. शून्य म्हणजे मीटरने उत्तर दिले आणि भार नव्हता. तुमच्याकडे तर उत्तरच आलेले नाही.