आगीशी गाठ पडली तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकल्या तळताना माझ्या कढईतलं तेल पेटलं. दारात कुरिअरवाला आला म्हणून मी गेले, सही केली, दोन मिनिटं बोलले. परत आले तेव्हा तेलातून आधी निळसर धूर येत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची ज्वाळा झाली. हातभर उंच. ओट्यावरच पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला. मागून सासूबाई ओरडल्या, "पाणी नको!" त्यांनी मला बाजूला सारलं, गॅसचं बटण फिरवलं आणि पिठाची रिकामी परात उभी धरून, ढालीसारखी पुढे करत, कढईवर सरकवली. ज्वाळा कडेने दोनदा बाहेर आल्या आणि विझल्या. मी परात काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. अर्धा तास हात लावू दिला नाही.

नंतर वाचलं तेव्हा हातपाय गार पडले. पाणी तेलाच्या खाली जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते. ती वर येताना पेटतं तेल घेऊनच उडते. शेजारच्या स्टुलावर माझी सहा वर्षांची मुलगी बसली होती.

तेव्हापासून मी भेटेल त्याला विचारते, तुमची कधी आगीशी गाठ पडली का? आणि जवळजवळ प्रत्येकाकडे काहीतरी असतं. डोंगरावरचा वणवा, कंपनीतलं प्रशिक्षण, लांबून पाहिलेला धूर. लहान असो, मोठं असो, इथे लिहा. काय झालं, तुम्ही काय केलंत, काय करायला हवं होतं असं आता वाटतं, सगळं लिहा.

*

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

मी ज्वाळा एकदाही पाहिली नाही, तरी आग म्हटलं की मला इथली दोन वर्षं आठवतात. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅराडाइझ हे गाव जळालं. वीज वाहून नेणाऱ्या तारांपासून आग लागली, सुटलेल्या वाऱ्याने काही तासांत गाव गेलं, ८५ माणसं गेली. आमच्यापासून ते सुमारे अडीचशे किलोमीटर. तरी दुसऱ्या दिवसापासून घरात धुराचा वास. धाकट्याला दमा आहे. दाराखालच्या फटींत ओले टॉवेल कोंबून आम्ही एका खोलीत राहिलो आणि दर तासाला फोनवर हवेचा आकडा बघत बसलो. त्या धुरात लाकूडच नव्हतं, गाद्या, गाड्या, कुणाचे फोटो, सगळं होतं. ते श्वासातून आपल्या आत जातंय, ही जाणीव फार वाईट होती.

दुसरी आठवण ९ सप्टेंबर २०२० ची. त्या दिवशी सकाळ झालीच नाही. नऊ वाजता आभाळ गडद केशरी, रस्त्यावरचे दिवे लागलेले, पक्षी गप्प. मुलीची ऑनलाइन शाळा दिवा लावून चालू होती. गंमत म्हणजे जमिनीलगत हवा त्या मानाने बरी होती. समुद्रावरून येणारं धुकं खाली होतं आणि धुराचा थर त्याच्या वर तरंगत होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती फोन कपाळापर्यंत नेऊन म्हणाली, "अगं, ग्रहण लागलंय का तिकडे?"

तेव्हापासून दाराशी एक बॅग भरलेली असते. पासपोर्ट, औषधं, इनहेलर, बूट. आणि आजोबांचा ताम्हन-पळीचा संच. तो मुलीने ठेवला, मी काढला नाही.

*

शिरोळ तालुका

वरच्या ताईंनी तारांचं लिहिलंय म्हणून लिहितो. आमच्या उसावरून जाणाऱ्या तारा लोंबत होत्या. वारा सुटला की एकमेकींना घासायच्या. दोन वेळा अर्ज दिला होता. फेब्रुवारीत दुपारी दीडच्या सुमाराला ठिणगी पडली ती वाळलेल्या पाल्यावर.

पेटलेल्या उसाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. कांडी फुटतात, लवंगी फटाक्यांची माळ लागल्यासारखी. जवळ जाता येत नाही, तोंड भाजतं. पाण्याचा टँकर येईपर्यंत काही राहत नाही हे आम्हाला माहीत होतं. मग चुलतभावाने ट्रॅक्टर घातला आणि आमच्या नि शेजारच्या फडाच्या मध्ये आमचाच उभा ऊस आडवा करत रोटाव्हेटरने दोन फेरे मारले. पट्टा मोकळा केला. आपला ऊस आपल्या हातानं पाडायचा. चार सऱ्या गेल्या, पण पलीकडचं दीड एकर राहिलं. ते आमचं नव्हतं. आमचं सव्वा एकर वीस मिनिटांत काळं झालं.

खरा त्रास त्यानंतर. जळालेला ऊस लवकर तुटला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, आणि जळीत म्हणून कारखाना कपात करतो ती वेगळीच. ऊसतोडीच्या टोळ्या सगळ्या दुसरीकडे गुंतलेल्या. तिसऱ्या दिवशी एक टोळी आली. तोडकरी बायका संध्याकाळी निघाल्या तेव्हा अंगावरची काजळी निघेना, डोळे तेवढे पांढरे. आईने त्यांच्यासाठी दोन हंडे पाणी तापवून ठेवलं होतं. पंचनाम्याचं अजून चालू आहे.

*

वाळपई, सत्तरी, गोवा

मार्च २०२३. काजूचे दिवस. म्हादई अभयारण्याच्या बाजूला डोंगर पेटले ते आठवडाभर विझले नाहीत. रात्री अंगणातून बघितलं की डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसायची, दिवाळीत कुणी पणत्या मांडत जावं तशी. नौदलाची हेलिकॉप्टरं खाली पाण्याची मोठी बादली लटकवून फेऱ्या मारत होती. मुलं टाळ्या वाजवायची. आम्हाला मात्र पाणी पडलेलं दिसायचं आणि तासाभराने बाजूला पुन्हा धूर.

आम्ही वीसेक जण वनखात्याच्या माणसांबरोबर वर गेलो. हातात हिरव्या फांद्या. वणवा मारायचा म्हणजे फांदी जोरात आपटायची नसते, नाहीतर निखारे उडून पुढे पडतात. आगीवर दाबून, जळालेल्या भागाकडे ओढायची. मागून दुसऱ्याने पालापाचोळा झाडून वाट मोकळी करायची. हे मला एका वनरक्षकाने तिथल्या तिथे शिकवलं. जमिनीवरची आग गुडघ्याएवढीच होती, पण सुकलेल्या झाडाच्या पोकळ बुंध्यात शिरली की वरून धुरांड्यासारखी पेटायची. एक बुंधा आम्ही विझवला म्हणून सोडला, तो दोन दिवसांनी पुन्हा पेटला.

आमची तीसेक काजूची झाडं गेली. वडिलांनी लावलेली.

*

वेल्हे

आमच्याकडे दर उन्हाळ्यात वणवा लागतो. नवं गवत चांगलं फुटतं अशी समजूत आहे, त्यामुळे पेटवणारे पेटवतात. आम्ही आठ-दहा जण उन्हाच्या आधी गावाभोवती जाळरेषा काढतो, गवत कापून पट्टा मोकळा करतो. गेल्या खेपेला वणवा रेषेपर्यंत आला आणि थांबला. पलीकडच्या बाजूला टिटवीची चार अंडी होती, ती राहिली. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

*

मर्चंट नेव्ही, मूळ रत्नागिरी

बोटीवर जायच्या आधी प्रत्येकाला आग विझवण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मुखवटा, आणि धुराने भरलेली अंधारी खोली. काही दिसत नाही म्हणजे काहीच दिसत नाही, स्वतःचा हातही नाही. शिकवलं ते असं : हात भिंतीला लावायचा तो उलटा, तळहात आपल्याकडे. उघडी वायर लागली तर स्नायू आखडून हात आपल्याकडे ओढला जाईल, वायर मुठीत धरली जाणार नाही. पाऊल टाकायचं नाही, सरकवायचं. वजन मागच्या पायावर ठेवून पुढची जमीन चाचपायची. ज्या भिंतीने आत गेलात त्याच भिंतीने बाहेर. मी मधेच भिंत सोडली. दहा सेकंदांत दिशा हरवली आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज एवढा मोठा वाटायला लागला की प्रशिक्षकांची हाक ऐकू येईना. त्यांनी दोरी ओढून बाहेर काढलं. ओरडले नाहीत. "परत जा," म्हणाले. परत गेलो.

अकरा वर्षांनी इंजिनरूममध्ये खरी आग लागली. इंधनाच्या नळीला तडा जाऊन फवारा तापलेल्या पाइपवर उडाला. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणजे सगळी दारं, झडपा बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडणं. तो आगीला मारतो तसा माणसालाही मारतो. म्हणून आधी शिरगणती. डेकवर उभे राहून आम्ही मोजलं, एक माणूस कमी. पुन्हा मोजलं. कमीच. कॅप्टन हाती वॉकीटॉकी घेऊन उभा, खाली रंग फुगून भिंतीवरून गळतोय, आणि कुणी बोलत नाही. तो माणूस, इंजिनरूममधला ऑइलर म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा, आणीबाणीच्या शिडीने चढून मागच्या डेकवर बसला होता, खोकत. सापडला तेव्हा साडेचार मिनिटं झाली होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब साडेचार मिनिटं.

गॅस सोडल्यावर कित्येक तास दार उघडायचं नसतं. लोखंड तापलेलं असतं, हवा मिळाली की पुन्हा पेटतं. ताई, तुमच्या सासूबाईंनी मनगट धरलं ते याच कारणाने.

*

चाकण

कंपनीत दर वर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात प्रशिक्षण असतं. का, ते पहिल्यांदा एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर आग लागली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. जहाज दोनदा फुटलं. आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ जवान परत आले नाहीत. हे सांगताना त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती.

मग सगळ्यांना मैदानात नेलं. माझी पाळी आली तेव्हा आग विझवायच्या सिलिंडरची पिन निघेना. मी घाबरून मूठ घट्ट आवळली होती आणि दांडा दाबला की पिन आत अडकते. ते म्हणाले, "खाली ठेवा, मूठ सोडा, आता ओढा." आली. पावडर पंधरा-वीस सेकंदच पुरते, ज्वाळेवर नाही तर बुडाशी मारायची, आणि आपली पाठ कायम दाराकडे. घरी जाऊन सोसायटीतलं सिलिंडर बघितलं तर काटा लालमध्ये. सचिवांना सांगून त्याच महिन्यात भरून घेतलं.

*

नागपूर, परिचारिका

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचली. मी तिथे नव्हते. पण त्याच कामात आहे, रात्रपाळी करते, त्यामुळे ती बातमी वाचून मी माझ्या कक्षात उभी राहिले आणि मोजायला लागले. चौदा बाळं, आम्ही दोघी. एका खेपेत एकीच्या हाती किती? मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप आणि पुढे मोडक्या खाटा रचलेल्या.

खाटा हलवायला तीन आठवडे भांडले. मग आम्ही सराव केला, कपड्याच्या बाहुल्या घेऊन, दिवे घालवून. आधी ऑक्सिजनची झडप बंद, मग चादरीची झोळी पोटाशी बांधून त्यात दोन-दोन. पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली. आता चारच्या आत होतं. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या रात्री मी तिला त्या दारापर्यंत डोळे मिटून चालायला लावते.

*

पुन्हा मी, पुणे

सगळे अनुभव सासूबाईंना वाचून दाखवले. नागपूरच्या ताईंचा दोनदा वाचायला सांगितला. मग मी इतके दिवस न विचारलेलं विचारलं, परातीचं तुम्हाला कुठून सुचलं? बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या माहेरी, राजापूरकडे, शिमग्याला चुलीवर वडे तळताना तेल पेटलं आणि धाकट्या काकूने कळशी उपडी केली. तेव्हा या आठ वर्षांच्या. काकूचं त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आजी त्यानंतर तळायला बसली की आधी परात शेजारी मांडून मगच चूल पेटवायची, एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.