गार्ड म्हणजे हरलेली अवस्था नव्हे
"पाठ जमिनीला लागल्यावर गार्डमध्ये पडून करायचे तरी काय?" ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या खेळाबद्दलचा हा प्रश्न कुस्तीच्या संस्कारातून आलेला दिसतो. गार्ड म्हणजे पाठीवर पडून प्रतिस्पर्ध्याला पायांनी रोखून धरण्याची स्थिती. कुस्तीत चितपट झाली की निकाल लागतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र प्रतिस्पर्धी आपल्या पायांच्या कचाट्यात असेपर्यंत त्याला केवळ वर असल्याबद्दल एकही गुण मिळत नाही. पाय ओलांडून तो स्थिरावला तर त्याला ३ गुण मिळतात, आणि आपण त्याला उलथवून वर आलो तर २ गुण आपले.

नवशिक्यांची नेहमीची चूक (माझीही कित्येक महिने हीच होती) म्हणजे क्लोज्ड गार्डमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती पाय गुंफून घोटे अडकवून, पाठ सपाट टेकवून नुसती वाट पाहणे. समोरचा ताठ बसला की त्याचा तोल शाबूत राहतो. म्हणून आधी गुडघे छातीकडे ओढून त्याला पुढे झुकवावे, बाही आणि कॉलर धरावी, आणि मगच कंबर बाजूला सरकवून कोन साधावा, कारण आर्मबार (कोपराच्या सांध्यावर ताण देणारी पकड) असो वा सिझर स्वीप (पाय कात्रीसारखे फिरवून समोरच्याला उलथवणे), अगदी समोरासमोर सरळ पडून दोन्ही अवघडच जातात. त्याने पायांची मिठी सोडवलीच, तर गुडघा मध्ये घालून अंतर राखावे आणि पुन्हा पकड शोधावी.