गॅदरिंग, ड्रेपरी आणि 'पालकांचा सहभाग'

कोथरूडकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर चंद्रिका यांनी लिहिलं: "गॅदरिंगच्या ड्रेसला सातशे रुपये मागितले की पालकांच्या पोटात दुखतं. तेच पालक रविवारी मॉलमध्ये दोन हजार उडवून येतात. सहभाग घ्यायचाच नसेल तर मुलं शाळेत घालता कशाला?" उत्तर तिथेच देणार होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मुलगी दुसरीत. दिवाळीनंतर शाळा उघडते न उघडते तोच ग्रुपवर मेसेज आला. दुसरी 'ब'चं कोळीनृत्य, ड्रेपरीचं भाडं वर्गशिक्षिकेकडे जमा करा, घरचा ड्रेस चालणार नाही. आमच्या कपाटात मोठीचा कोळी ड्रेस आहे, काठाला सोनेरी लेस लावलेला. तो नाही चालणार, कारण सगळे सारखे दिसले पाहिजेत. मग जो आला तो बघा: काखेत उसवलेला, कमरेला नाडी, नाडीच्या आत स्केचपेनने कुठल्या तरी दुसऱ्याच शाळेतल्या पोरीचं नाव. गजरा प्लास्टिकचा. मेकअपचे पैसे वेगळे, व्हिडिओचे वेगळे, घरटी पास दोनच. वर्षातून दोनदा सत्र फी भरतो ती मग कशाची, हे विचारलं तर ग्रुपवर शांतता आणि कुणाचा तरी अंगठा.

मुलगी खूश होती. तो मुद्दाच नाही.

मुद्दा असा की 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची, फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवायचा. यंदा त्या सभेची नोटीस कुठे लावली होती? जिन्याखाली, हरवलेल्या डब्यांच्या टेबलामागे. फी किती वाढवायची तिथे आमचा सहभाग नको, फेट्याचा रंग कोणता तिथे मात्र हवा. आणि यालाच सहभाग म्हणायचं असेल तर हो, पोटात दुखतं.

चंद्रिका

वा, माझ्या वाक्यावर धागा निघाला, धन्य झाले.

कोथरूडकर, मी प्राथमिकलाच शिकवते, वर्गात 52 मुलं. एका वर्षी आम्ही 'घरचा ड्रेस चालेल' करून पाहिलं. शेतकरी नृत्य होतं. एक मुलगी खऱ्या जरीच्या नऊवारीत, गळ्यात आईची खरी ठुशी. एक फ्रॉकवर ओढणी बांधून. एका मुलाला वडिलांनी कुर्ता-जॅकेट घालून पाठवलं, वरून "शेतकरी आता सुधारलाय" हेही ऐकवलं. फ्रॉकवाली पोरगी स्टेजवर जायलाच तयार नाही, विंगेत भोकाड. तिच्या आईकडे दुसरं काही नव्हतं आणि तिने ते कुणाला सांगितलंही नव्हतं. भाड्याचा ड्रेस उसवलेला असतो, पण तो सगळ्यांचाच उसवलेला असतो. ठुशी शोधत मी रात्री साडेदहापर्यंत झाडूवाल्या मावशींबरोबर हॉलमध्ये होते, ते वेगळंच.

राहिला सहभाग. रात्री अकराला मेसेज येतात, "टीचर, आमची आराध्या चौथ्या रांगेत का?" पुढच्या रांगेतला मुलगा तापाने फणफणलेला, तरी त्याच्या आईचा फोन: "जागा दुसऱ्याला देऊ नका, आम्ही पॅरासिटामॉल देऊन आणतो." आणि चिठ्ठीत नाव निघालं ना, की पालक हात जोडतात, "मॅडम, दुसरी चिठ्ठी काढा, आमची मार्च एंडिंगची कामं असतात." सभा जुलैत होते बरं का.

अण्णा सातारकर

दोघांचेही वाचले. आमच्या वेळी पडदा म्हणजे शेजारच्या काकूंची साडी होती आणि मेकअप म्हणजे काजळाची डबी. भाडे वगैरे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण तेही असो. मला खरा सल आहे तो वेगळाच. 24 डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. मुलांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांचा दिवस. आमच्या नातवाच्या शाळेत त्या दिवशी काय, तर लाल टोप्या आणि कापसाच्या दाढ्या! घरून कापूस आणा म्हणून सूचना. मी मुख्याध्यापिकांना पत्र दिले आहे. उत्तर नाही.

बंडोपंत

अण्णा, लाल टोपीने काय बिघडलं? नाताळ आहे, पोरं मजा करतात. साने गुरुजींनी कुणाला नाताळ साजरा करू नका असं सांगितलं होतं का? आणि पत्र देण्याऐवजी वर्गात जाऊन एक गोष्ट सांगितली असती तर जयंती झाली असती.

अण्णा सातारकर

गोष्ट सांगायला येतो म्हणूनच पत्र दिले होते. जरा नीट वाचत जा.

रानजाई

अण्णा, बरं झालं. आता कुणी तालमीच्या वेळेबद्दल बोलेल का?

माझा मुलगा तिसरीत, शाळा सातची. गॅदरिंग जवळ आलं की तालीम शाळेआधी, म्हणजे सव्वासहाला गेटवर. आम्ही निफाडजवळ राहतो. डिसेंबरात इथला पारा कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला पेपरात वाचायला मिळतं. पोरगा स्वेटर, कानटोपी आणि त्यावर लेझीमचा फेटा अशा अवतारात अंधारात उभा. आल्यावर नाक गळतंय, डबा तसाच.

8 फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय आहे ना? पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊ किंवा नऊनंतर भरवा, सगळ्या माध्यमांना, सगळ्या व्यवस्थापनांना लागू. कुठे गेला तो? शाळेत विचारलं तर म्हणाले, अडचणी असलेल्यांना सवलत आहे, आम्हाला अडचणी आहेत. कुठल्या, ते काही सांगितलं नाही.

टिनपाट

तो निर्णय म्हणजे एक नंबर थेर. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, मुलं रात्री उशिरा झोपतात, म्हणून शाळांची वेळ बदलण्याचा विचार करा. आणि आपण केला! अहो, मुलं उशिरा झोपतात कारण आईबाप रात्री बारापर्यंत रील बघतात. त्यावर उपाय म्हणून शाळाच उशिरा. उद्या मुलं पालेभाजी खात नाहीत म्हणून पालेभाजीवर बंदी आणा. मी सातच्या शाळेत शिकलो, मेलो नाही.

रानजाई

"मी मेलो नाही" हा शिक्षणशास्त्रातला नवीन सिद्धांत दिसतोय. मी सिव्हिलला नर्स आहे. माझी दुसरी पाळी रात्री नऊला संपते, घरी येऊन पोराशी दोन शब्द बोलायला दहा वाजतात. ते रील बघण्यात मोडतं का?

टिनपाट

तुम्हाला उद्देशून नव्हतं. लगेच अंगावर घेऊ नका.

रानजाई

"आईबाप" लिहिलंत. मी आई आहे. अजून कसं उद्देशतात?

सावकाश जा

मी स्कूल व्हॅन चालवतो. इथे शिकलेली मंडळी आहेत, चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा नऊची करा म्हणणं सोपं आहे. माझी गाडी एक. सातला हायस्कूलची पोरं सोडतो, साडेबाराला त्यांना आणायचं आणि त्याच फेरीत दुपारच्या शाळेची पोरं न्यायची. प्रायमरी नऊला झाली तर मधली खेप साडेआठला, म्हणजे एमआयडीसीच्या बसेस आणि सगळी हापिसं रस्त्यावर असतात तेव्हा. तीच दीड किलोमीटरची वाट पाऊण तास खाते. डिझेल कोण देणार? तीनशे रुपये वाढवले तर ग्रुपवर माझा फोटो टाकून 'लुटारू'. टाकला आहे एकांनी.

मंजिरी_नागपूर

दादा, पण वर्गखोल्यांचं काय? खरी गोम तिथे आहे. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. प्राथमिक नऊला भरली तर सुटेपर्यंत माध्यमिकवाले कुठे बसणार, गच्चीवर? शासन निर्णय निघतो, खोल्या निघत नाहीत. आमच्या संस्थेला तर नऊ परवडणार नाही म्हणून नऊ नाही, बाकी सगळी नाटकं.

टिनपाट

बघा, म्हणजे मी म्हणत होतो तेच. निर्णय अव्यवहार्य आहे.

मंजिरी_नागपूर

तुम्ही असं कुठे म्हणालात? तुम्ही म्हणालात की आईबाप रील बघतात.

एडिसनचा आदू

तुमच्याकडे अजून एवढा गोंधळ चालतो? आमच्याकडे अमेरिकेत एलिमेंटरीत विंटर कॉन्सर्ट असते. काळी पँट, पांढरा शर्ट, घरचाच. पार्टीसाठी साइन-अप शीट येते, कुणी नॅपकिन आणतं, कुणी ज्यूस. क्लासरूम पॅरेंट सगळं बघते. अर्ध्या तासात खेळ खलास.

बंडोपंत

काळी पँट पांढरा शर्ट घालून कोळीनृत्य. आदू, तू तिकडेच बरा आहेस.

कोथरूडकर

मंडळी, धागा ड्रेपरी आणि हिशेबावर होता. सातच्या शाळेसाठी वेगळा काढा ना, मीही येईन भांडायला.

चंद्रिका, ठुशी सापडली का?

गुरुजी_केज

मला लिहायचं नव्हतं. पण पालकांचा सहभाग म्हणून एवढं चाललंय तर आमच्याकडचं ऐका.

बीड जिल्हा, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, मुकादम ट्रॅक्टर घेऊन दारात उभा. डिसेंबरात माझ्या पटावर जेवढी नावं असतात त्याच्या निम्मी लेकरं वर्गात नसतात. काही आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहाचं जेवण मिळतं. काही आईबापाबरोबर फडावर. जाताना त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं. एक पोरगं मार्चमध्ये परत आलं तेव्हा कार्ड तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, कोरं. मी विचारलं, रे, दाखवलं नाहीस कुणाला? म्हणाला, आई म्हणली हरवू नको.

आता कायदा. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शाळा व्यवस्थापन समिती आहे, 75 टक्के पालक, निम्म्या महिला. लई चांगला कायदा. डिसेंबरात बैठक लावली की कोरम कुठून आणू? अध्यक्ष स्वतः कोल्हापूरकडं फडावर. पालक सभेला एक आजी आली, तीन लेकांची पाच नातवंडं तिच्याकडं, प्रत्येकाच्या नावापुढं अंगठा देत बसली. शेवटी म्हणाली, गुरुजी, एकदाच मोठा घ्या की.

बालआनंद मेळावा आम्ही घेतो. लेकरं मेथी, बोरं, भजी विकायला बसतात, सुट्टे पैसे मोजायला शिकतात. विकत घेणारे म्हणजे आम्ही दोघं शिक्षक, अंगणवाडीच्या ताई आणि म्हातारी माणसं. आणि त्याच आठवड्यात वरून फोन, लेकरांचे अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक किती झाले, यू-डायसला, त्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, कुणाचं आधार जुळत नाही. ज्याचं आधार जुळत नाही त्याचा बाप फडावर, ओटीपी त्याच्या फोनवर, फोनला रेंज नाही.

बंडोपंत

गुरुजी, हे वेगळं पाहिजे होतं. इथे वाया जाईल.

टिनपाट

गुरुजींबद्दल आदर आहेच. पण याचा गॅदरिंगशी काय संबंध? सगळ्यांनी आपापली दुःखं मांडायची तर चर्चा कशी व्हायची?

रानजाई

तुम्ही पालेभाजी मांडली ती चाललीच की.

गुरुजी_केज

संबंध एवढाच की फेटा भाड्याचा की घरचा, हे भांडायला पालक गावात तरी आहेत तुमच्याकडं. भांडा. मी काही म्हणत नाही.

चंद्रिका

गुरुजी, नमस्कार. यावर मी काय लिहू.

कोथरूडकर, ठुशी सापडली, मुलीच्याच बुटात. काढून तिनेच ठेवली होती, टोचत होती म्हणून.

हिशेबाचं म्हणाल तर, बरं, मान्य. ड्रेपरीवाल्याचं बिल पालकांना दाखवायला हवं. आमच्याकडे बोर्डावर लावतात, दर्शनी बोर्डावर, जिन्याखाली नाही. तुमच्या शाळेत लावत नसतील तर विचारा. पण विचारताना वर्गशिक्षिकेला धारेवर धरू नका, तिला त्यातला रुपयाही दिसत नाही. पैसे कमी पडले की पदरचे घालते, ते कुठल्या समितीपुढे जात नाही. आणि सातशेचं माझं वाक्य मी मागे घेणार नाही. मॉलमध्ये दिसता तुम्ही लोक.

कोथरूडकर

मॉलमध्ये दिसतो तेव्हा मोठीच्या शाळेच्या ख्रिसमस ट्रीचं सामान घेत असतो. तेही घरून आणायला सांगितलंय. अण्णांना सांगू नका.

बिल मागणार आहे, लेखी. पोच घेऊन. वर्गशिक्षिकेला मध्ये आणणार नाही, एवढं तुमचं ऐकतो. चिठ्ठीत नाव या वर्षीही टाकलं होतं, निघालं नाही. जिन्याखाली जाऊन नोटीस शोधणारा मीच होतो, म्हणून तर ती कुठे होती ते माहीत.

अण्णा सातारकर

वाचले मी.

टिनपाट

नऊच्या शाळेचा निष्कर्ष काय निघाला मग? कुणीच उत्तर दिलं नाही. म्हणजे मुद्दा संपला असं समजतो.

रानजाई

समजा. उद्या सव्वासहाला निफाडला या, गेटवर, मफलर न घेता. तिथे संपवू.

सावकाश जा

टिनपाट साहेब, मुद्दा संपला नाही, गाडीचा हप्ताही संपला नाही. पण आता साडेअकरा झालेत. उद्या आमच्या शाळेची रंगीत तालीम आहे, ड्रेस घालूनच बोलावलंय. माझ्या गाडीतल्या कुणाच्या आया इथे असतील तर पोरांना झोपवा. सहा वीसला खाली हॉर्न देईन, दोनदाच. आणि लेझीम पोत्यात बांधून द्या, गेल्या वर्षी सीट फाटली.