‘खासगी’ आणि ‘गोपनीय’: दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलताना नेमका शब्द कोणता?

एका निवृत्त शिक्षिकेच्या गौरव-अंकासाठी त्यांची मुलाखत घेण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले होते. दोन तास बाई अतिशय मोकळेपणाने बोलल्या. बालपण, शिक्षणासाठी घरच्यांशी घातलेला वाद, नोकरीची पहिली वर्षे, सगळे ओघाने येत गेले. मध्येच धाकट्या भावाविषयी त्यांनी आठ-दहा वाक्ये सांगितली आणि मग एकदम थांबून माझ्या वहीवर हात ठेवला. ‘एवढं लिहू नकोस,’ त्या म्हणाल्या. मी चटकन बोलून गेले, ‘काळजी करू नका बाई, ते गोपनीय ठेवते.’ त्यावर त्यांनी जरा आश्चर्यानेच माझ्याकडे पाहिले. ‘गोपनीय काय आहे त्यात? साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. पण ते आमचं आहे, अंकाचं नाही.’

बाई ज्या गोष्टीचे रक्षण करत होत्या तिला मराठीत काय म्हणावे, हा माझा प्रश्न आहे. ‘प्रायव्हसी’साठी आपण ‘गोपनीयता’ हा शब्द सर्रास वापरतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा अधिकार राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले, तेव्हा मराठी बातम्यांमध्ये ‘गोपनीयतेचा अधिकार’ आणि ‘खासगीपणाचा अधिकार’ असे दोन्ही शब्दप्रयोग झाले. दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात असे धरून आपण पुढे गेलो. मला ते चालत नाहीत असे वाटते.

‘गोपनीय’ हा शब्द आपल्याला कुठे भेटतो ते पाहू. कचेरीतल्या फायलीवर तो असतो, नोकरदाराच्या वार्षिक ‘गोपनीय अहवालात’ असतो. मंत्री पदाबरोबर गोपनीयतेचीही शपथ घेतात, आणि राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत या दोन्ही शपथांचे नमुने वेगवेगळे दिलेले आहेत. या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे: माहिती ठरावीक माणसांपलीकडे जाऊ नये, गेली तर काहीतरी बिघडेल. म्हणजे शब्दाचा भर माहिती लपलेली राहण्यावर आहे. एकदा ती चार जणांना कळली की गोपनीयता संपली.

‘खासगी’चे घराणे निराळे आहे. अरबीतल्या ‘खास’पासून फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द मराठी राज्यकारभारात मालकी सांगत असे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशा दोन स्वतंत्र मिळकती होत्या. दौलत राज्याची, तर खासगी राजघराण्यातील स्त्रीच्या हातची. पहिल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना ही खासगी लावून दिली आणि पुढे तिचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. खासगीत कोणती गावे आहेत हे कागदोपत्री नोंदलेले होते, त्यात झाकून ठेवण्यासारखे काही नव्हते. तरी त्या उत्पन्नाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क दौलतीचा नव्हता. वहीवर हात ठेवणाऱ्या बाईंनी नेमके हेच सांगितले होते, असे मला हा इतिहास वाचताना जाणवले. त्यांच्या भावाची हकिकत सर्वज्ञात होती आणि तरीही खासगी होती.

म्हणून माझे म्हणणे असे की माणसाच्या आयुष्याबद्दल बोलताना ‘खासगीपण’ हाच शब्द वापरावा आणि ‘गोपनीयता’ कागदपत्रांसाठी व शपथांसाठी ठेवावी. (‘खाजगी’ हे रूपही रूढ आहे. मूळ उच्चाराला धरून मी ‘स’ लिहिते, दुसऱ्या रूपाला चूक म्हणत नाही.)

प्रतिसाद

भेद पटला, परंतु ‘गोपनीय’ शब्दावर थोडा अन्याय झाला आहे. पाणिनीय धातुपाठात ‘गुप्’ धातूचा अर्थ ‘रक्षण’ असा दिलेला आहे. जपणे हा अर्थ आधीचा आणि लपवणे हा त्यातूनच निघालेला, कारण जे जपायचे ते माणूस आडोशाला ठेवतो. व्युत्पत्तीने पाहिले तर ‘गोपनीय’ म्हणजे ‘जपण्याजोगे’, आणि मग तो शब्द त्या बाईंच्या भावनेला मुळीच परका ठरत नाही. शिवाय हिंदीतल्या ‘निजता’ या शब्दाचा विचार मराठीने का करू नये, हेही कळावे.

लेखिकेचे उत्तर

धातूचा अर्थ आपण दाखवलात हे बरे झाले, ‘जपण्याजोगे’ ही छटा मला फार आवडली. तरीही बोलणाऱ्याच्या कानात धातुपाठ नसतो, कानात असते ती आजची वहिवाट. ‘त्यांनी ते गोपनीय ठेवले’ या वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनात लगेच संशय उभा राहतो, आणि ‘त्यांनी ते खासगी ठेवले’ या वाक्याने तसा राहत नाही. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर सांगायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न ज्याला कधी ना कधी ऐकावा लागला आहे, त्याला या फरकाचे मोल सांगायला नको. तो प्रश्न ‘गोपनीय’ या शब्दाच्या पोटातूनच जन्मतो. ‘खासगी’ म्हटले की तो विचारताच येत नाही, कारण आपल्या वस्तूवरचा हक्क सांगायला ती वस्तू लाजिरवाणी असावी लागत नाही.

‘निजता’ अर्थाने अचूक आहे. ‘निज’ म्हणजे स्वतःचे, आणि संतवाणीत ‘निजरूप’, ‘निजसुख’ असे शब्द आहेतच. पण रोजच्या मराठीत ‘निज’ ऐकताच ‘निजणे’ आठवते आणि अर्थ कानाशीच अडतो. ‘एकांत’ त्याहून सुंदर शब्द आहे, परंतु तो जागेचा व वेळेचा आहे, माहितीचा नाही. गर्दीत बसलेल्या माणसाला एकांत नसतो, खासगीपण मात्र असू शकते.

आता या चर्चेची दुसरी बाजू. ज्याचे आयुष्य आहे त्याच्यासाठी शब्द शोधताना, जो त्या आयुष्याकडे पाहतो त्याच्यासाठीचे शब्दही तपासायला हवेत, कारण तिथे मराठी आश्चर्य वाटावे इतकी काटेकोर आहे. ‘विचारपूस’ नेहमी मायेची असते. ती करणाऱ्याला उत्तरापेक्षा माणूस महत्त्वाचा असतो. ‘चौकशी’ एकवचनात असेल तर बहुधा आपुलकीची किंवा कामाची: ‘त्यांनी तुमची चौकशी केली होती’ हा निरोप ऐकून कोणालाही बरे वाटते. तोच शब्द अनेकवचनात गेला की दोष होतो: ‘नसत्या चौकशा हव्यात कशाला?’ वचन बदलताच शब्दाचा स्वभाव बदलावा अशी उदाहरणे फार नाहीत. ‘चौकस’ माणसाचे कौतुक होते, ‘भोचक’ माणसाला टाळले जाते, आणि दोघे विचारतात तो प्रश्न अक्षरशः एकच असू शकतो. फरक असतो तो उत्तर मिळाल्यावर त्याचे काय होते यात. चौकस माणूस ते समजून घेतो, भोचक माणूस ते पुढे नेतो. नसत्या चौकशांसाठी एका जातीचे नाव जोडलेला जो शब्द रूढ आहे, तो मात्र आपण जाणीवपूर्वक सोडून द्यावा असे मला मनापासून वाटते. एका कष्टकरी समाजाला विनाकारण बोल लावणारा शब्द वापरून दुसऱ्याच्या खासगीपणाची बाजू मांडता येत नाही.

‘जिज्ञासा’ हा शब्दही अलीकडे या व्यवहारात ओढला जातो. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. एखाद्या नामवंताच्या घटस्फोटाचे तपशील वाचणाऱ्याला काही जाणायचे असते, की जे घडले ते नुसते पाहायचे असते? मला वाटते, तिथे ‘कुतूहल’ म्हणणे प्रामाणिक. कुतूहल वाईट नव्हे. दुसऱ्याचे आयुष्य ऐकून आपले आयुष्य जोखणे ही माणसाची जुनी गरज आहे, आणि मीही चरित्रे त्याच ओढीने वाचते. पण कुतूहल कोणालाही हक्क देत नाही, एवढे शब्दातून स्पष्ट राहावे.

प्रतिसाद

मी चरित्रलेखनाचे थोडेफार काम करतो, म्हणून एक शंका. प्रत्येक हकिकतीवर ज्याची त्याची मालकी मान्य केली तर चरित्र लिहायचे कसे? केवळ स्तुतिपाठ उरेल. लोकांना कळायला हवे अशाही गोष्टी असतात आणि त्या सांगितल्या म्हणजे ‘चव्हाट्यावर आणल्या’ असे म्हणणे लेखकावर अन्यायाचे आहे.

लेखिकेचे उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे: ‘कळायला हवे’. लोकांना कळायला हवे आणि लोकांना कळलेले आवडेल, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. इंग्रजीतल्या ‘पब्लिक इंटरेस्ट’मध्ये लोकांचे हित आणि लोकांना वाटणारा रस, दोन्ही मावतात, त्यामुळे एकाच्या नावावर दुसरे सहज खपून जाते. मराठीत ‘जनहित याचिका’ म्हटल्यावर कोणी ‘जनरस’ असा अर्थ घेत नाही. अनुवाद करताना मात्र आपण ‘लोकांच्या स्वारस्याचा विषय’ असे गुळमुळीत लिहितो आणि मराठीने आयता हाती दिलेला हा भेद पुसून टाकतो. जिथे हित आहे तिथे ‘लोकहित’ लिहावे, जिथे रस आहे तिथे ‘कुतूहल’ लिहावे. पुष्कळ बातम्यांचे समर्थन या एका दुरुस्तीने गळून पडेल.

‘चव्हाट्यावर आणणे’ या वाक्प्रचाराबद्दल आपण जे म्हणता त्यावर मी बराच विचार केला. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे जे आणले ते खोटे असते असे हा वाक्प्रचार कुठेही म्हणत नाही. खोटे पसरवले तर आपण ‘आळ घेतला’, ‘कंडी पिकवली’, ‘बदनामी केली’ असे म्हणतो. चव्हाट्यावर येते ते बहुधा खरेच असते, आणि तरीही दुखावले गेल्याची भावना त्या शब्दांत आहे. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात हाच मुद्दा आहे: बदनामीच्या आरोपाला ‘हे खरे आहे’ हे उत्तर होऊ शकते, खासगीपणाच्या भंगाला ते उत्तर होत नाही.

आपल्याकडे चरित्राच्या संदर्भातच हा प्रश्न न्यायालयात गेला होता. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ हे तमिळ साप्ताहिक छापणार होते, आणि त्यात अधिकाऱ्यांचे गुन्हेगारांशी असलेले संबंध येणार म्हणून तुरुंग प्रशासनाने हरकत घेतली. १९९४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशनाआधी ते रोखण्याचा सरकारला अधिकार नाही असे ठरवले. त्याच निकालात असेही म्हटले की माणसाचे स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, शिक्षणाचे विषय त्याच्या संमतीवाचून कोणी छापू नयेत, मग मजकूर खरा असो वा खोटा, स्तुतीचा असो वा टीकेचा. जे सार्वजनिक नोंदींत आहे ते याला अपवाद, आणि अधिकाऱ्याने अधिकारपदावर असताना केलेल्या कामालाही हे संरक्षण नाही. आपल्याला हवी असलेली चरित्रलेखनाची मोकळीक या अपवादांत आहे. मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ‘स्तुतीचा’ हा शब्द, कारण माझ्या हातून होऊ घातलेला अतिक्रम स्तुतीचाच होता.

याच कारणाने ‘सार्वजनिक व्यक्ती’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. विहीर सार्वजनिक असते, रस्ता सार्वजनिक असतो, म्हणजे तो सर्वांचा असतो आणि कोणीही वापरावा. माणूस तसा सर्वांचा होत नाही. त्याचे कार्य सार्वजनिक असते, फार तर जीवनाचा एक भाग सार्वजनिक असतो. ‘सार्वजनिक जीवनातील व्यक्ती’ ही रचना लांब आहे, पण त्या लांबीत माणसासाठी थोडी जागा शिल्लक राहते.

शेवटी आपण विचारले नाही, तरी सांगते. अंक छापायला जाण्यापूर्वी मजकुराची प्रत मी बाईंना दाखवली. भावाविषयीची वाक्ये मी गाळली होती. त्यांनी सावकाश सगळे वाचले, कुठेही खाडाखोड केली नाही, आणि बालपणाच्या परिच्छेदाशेजारी समासात स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: ‘आम्ही तीन भावंडे. धाकटा लवकर गेला.’ ती ओळ अंकात घ्यायची का, असे मी विचारले. ‘घे,’ त्या म्हणाल्या, ‘एवढी घे.’