सोसायटी ग्रुप, भुसावळ: कॅथलिक घरातला अंत्यविधी, दफन की दहन, आणि राखेचं काय

सेक्रेटरी भाऊ: नमस्कार मंडळी. दुःखद प्रसंगी कुणाला फोन करायचा, कोणते कागद लागतात, याचा तक्ता नोटीस बोर्डावर लावायचा आहे. बाकीच्या घरांचं लिहून झालं. सी विंगमधल्या कॅथलिक कुटुंबांचं समितीत कुणालाच नीट ठाऊक नाही. त्यांच्यात दहन चालतं का, हे सगळेच विचारतात. जाणकारांनी लिहावं.

सी-302 काका (चर्च समिती): चालतं भाऊ, पण पसंती दफनालाच. 1886 मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, दहनाला मनाई केली होती. त्या काळी युरोपात काही मंडळी पुनरुत्थान (मेलेले पुन्हा देहासह उठतील ही श्रद्धा) वगैरे काही नसतं, हे दाखवायला मुद्दाम दहनाचा प्रचार करत होती. 1917 च्या चर्च कायद्यातही ती मनाई कायम राहिली. 1963 मध्ये ती सैल झाली. आज लागू आहे तो 1983 चा कायदा, कलम 1176. दफनाची प्रथा जपा असा चर्चचा आग्रह आहे, दहनाला मनाई नाही. फक्त श्रद्धा नाकारायची म्हणून दहन निवडलेलं नसावं. जागेची टंचाई, खर्च, मृत व्यक्तीची इच्छा, ही कारणं चालतात.

ए-101 आप्पा: मग अडचण कुठे येते?

सी-302 काका: राखेपाशी, आप्पा. दहन की दफन यावर घरात तासभर चर्चा होते आणि राखेचं काय करायचं ते स्मशानाच्या फाटकात ठरतं. 2016 च्या ऑगस्टमधली रोमची सूचना यावर स्पष्ट आहे. राख दफनभूमीत, चर्चमध्ये किंवा त्यासाठीच राखलेल्या पवित्र जागेत ठेवायची. घरात ठेवायची नाही. हवेत, शेतात, पाण्यात सोडायची नाही. लॉकेटमध्ये भरायची नाही, भावाबहिणींत वाटायची नाही. म्हणजे तापीत विसर्जन नाही आणि नाशिकचं रामकुंडही नाही. शेजारी मायेपोटी म्हणतात, "थोड्या अस्थी आम्ही नेतो." कृपा करून तसं सुचवू नका. त्या वेळी घरच्यांना नाही म्हणणं फार जड जातं.

देह म्हणजे टाकून दिलेलं वस्त्र, असं आम्ही मानत नाही. बाप्तिस्म्याचं (ख्रिस्ती होण्याच्या विधीचं) पाणी ज्या देहावर पडलं तो नावानिशी एका जागी असावा आणि तिथे सगळ्या मंडळीला येऊन प्रार्थना करता यावी, एवढा साधा हेतू आहे.

डी-203 ताई: काका, 2023 मध्ये यात काही सवलत मिळाली ना?

सी-302 काका: हो, डिसेंबर 2023 मध्ये. दोन गोष्टी. एक, अनेकांची राख एकत्र ठेवणारी कायमची सामायिक जागा करता येते, पण प्रत्येकाचं नाव तिथे लिहिलेलं हवं. दुसरं, मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी राखेचा अगदी थोडा अंश ठेवायची विनंती चर्चचे अधिकारी विचारात घेऊ शकतात. विनंती करायची, परस्पर करायचं नाही. आपल्याकडे ते नाशिकच्या बिशपांकडे (आपल्या भागाच्या चर्चचे प्रमुख) फादरांमार्फत जाईल.

बी-404 सिस्टर ताई (नर्स): कागदांचं मी लिहिते. दवाखान्यात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नमुना 4 मध्ये मिळतं. घरी झाला तर उपचार करणारे डॉक्टर 4अ देतात. नगरपालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत करायची. चर्चमध्ये प्रमाणपत्राची झेरॉक्स लागते, कारण अंत्यविधीनंतर पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) मृत्यू नोंदवहीत नाव चढतं.

दहन असेल तर पेसमेकर (हृदयासाठी शरीरात बसवलेलं यंत्र) आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा आणि काढून घ्या. त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. आणि मे महिन्यात इथे पारा 45 ला टेकतो. मुलं बाहेरगावाहून यायची असतील तर शीतपेटी पहिल्या तासाभरातच मागवा. लाईट गेली तर काय, हेही तेव्हाच विचारा. एक जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर हाताशी हवा.

ए-205 दादा (बांधकाम): दफनभूमीतल्या कामाबद्दल सांगतो. कबर साधारण सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच-सहा फूट खोल. पण मोजमाप शवपेटी बघून घ्या, कड्यांसकट. कडी अडकली की पेटी वाकडी उतरते.

आपल्याकडची काळी माती फसवी. पावसाळ्यात फुगते, बाजू ढासळतात, तळाला पाणी साचतं. म्हणून आदल्या रात्री खोदून ठेवू नका. सकाळी खोदा, काठाला फळ्या लावा, काढलेली माती काठापासून दोन फूट लांब टाका. पंप तयार ठेवा. भरताना एकदम लोटू नका, फूटभर थर टाकून धुमसाने ठोकत या आणि वर फूटभर उंचवटा सोडा. माती बसतेच. संगमरवर लगेच लावायची घाई सगळेच करतात आणि पुढच्या पावसात फरशी तडकते किंवा एका अंगाला कलते. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. तोवर नाव लिहिलेला लाकडी क्रूस पुरतो.

ए-101 आप्पा: आणि राख पुरायची असेल तर?

ए-205 दादा: दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल खड्डा भरपूर झाला. मडकं वापरलं तर भोवती काळी माती नको, ती फुगली की मडकं फुटतं. सहा इंच वाळू किंवा मुरूम भरा. घट्ट झाकणाचा तांब्याचा किंवा स्टीलचा डबा जास्त बरा. घरच्यांची जुनी कबर असेल तर फादरांच्या परवानगीने तिथेच ठेवता येते, वेगळी जागा लागत नाही.

बी-404 सिस्टर ताई: विद्युतदाहिनीतून मोठ्या माणसाची साधारण दोन-तीन किलो राख निघते. ती हाडांचीच असते. देताना चिठ्ठीवरचं नाव वाचून घ्या. लाकडाच्या चितेत लाकडाची राख मिसळते, म्हणून पूर्ण थंड झाल्यावरच सावडा, हाडं आणि लगतची राख सगळी घ्या. गरम असताना पाणी मारलं तर हाडांचा चुरा होतो आणि गोळा करता येत नाही. शवपेटीसकट दहन होतं का, हेही आधी विचारा. अनेक ठिकाणी पेटी आत घेत नाहीत.

डी-203 ताई: कुणी आत्महत्या केली असेल तर चर्च विधी नाकारतं, असं ऐकलं होतं.

सी-302 काका: पूर्वी नाकारत. 1983 च्या कायद्यात ते कारण उरलेलं नाही. विधी होतो, मिस्साही (चर्चमधली मुख्य उपासना) होते. कुणी त्या घरात उलट बोललं तर तिथल्या तिथे थांबवा.

विधीचा क्रम: घरी प्रार्थना, चर्चमध्ये देह समोर ठेवून मिस्सा, मग दफनभूमी. दहन असलं तरी शक्यतो आधी देहासमोर मिस्सा, मग दहन. वेळ ठरवताना दिनदर्शिका बघा. पवित्र गुरुवार (गुड फ्रायडेच्या आदला दिवस) ते ईस्टर, नाताळ, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा), पाश्काकाळ (ईस्टरनंतरचा) यांतल्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. तेव्हा शास्त्रवाचन आणि प्रार्थना होते, मिस्सा नंतरच्या दिवशी. नातेवाइकांना वेळ कळवून मोकळं होण्याआधी हे विचारा. दर वर्षी कुठेतरी यावरून धावपळ होते.

ए-101 आप्पा: आम्ही आलो तर काय करावं?

सी-302 काका: जरूर या. मूठमाती कुणीही देऊ शकतं, फुलंही आणा. मिस्सेत कम्युनियनला (पवित्र भाकर घ्यायला) रांग लागते तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं. आणि 2 नोव्हेंबरला कबरींना आशीर्वाद असतो, त्याआधीच्या साफसफाईला हात लागले तर फार बरं होईल.

सेक्रेटरी भाऊ: तक्त्यात क्रम असा घेतो: डॉक्टर, नगरपालिका, शीतपेटी, फादर.

सी-302 काका: फादर वर घ्या भाऊ, डॉक्टरांच्या बरोबरीने. आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी जिवंत माणसासाठी असतो. तब्येत खालावली की लगेच फोन करायचा, रात्री दोन वाजले असले तरी. आणि चर्चच्या नंबरापुढे दफनभूमी कोणत्या मंडळीची (कॅथलिक की प्रोटेस्टंट पंथाची) तेही लिहा. खान्देशात प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या दफनभूमी वेगळ्या असतात, चुकून तिकडे खड्डा खोदून बसाल.