वाइड बेल्ट सँडर: एका पासात एक मिलिमीटर काढावा का?

धायरीचा सुतार
टिंबर मार्केटमधून सागवान आणलं, पट्ट्या चिकटवून टेबलाच्या फळ्या केल्या आणि भाड्याच्या वाइड बेल्ट सँडरवर, म्हणजे सँडपेपरचा रुंद पट्टा फिरवून फळी घासणाऱ्या मशीनवर, घासून घ्यायला नेल्या. ऑपरेटरने ८० ग्रिटवर (दाण्याचा नंबर; जितका मोठा तितका दाणा बारीक) एकाच पासात, म्हणजे फळी मशीनमधून एकदा जाताना, सव्वा मिलिमीटर घेतला. मोटरवरचा भार दाखवणाऱ्या अँपमीटरचा काटा लाल रेषेपलीकडे गेला, जळका वास आला. त्या वेळी फळी गुळगुळीतच दिसली. घरी पॉलिशचा पहिला हात मारला आणि लांबीभर काळपट पट्टे उठले. माझं ठाम मत: ८० ला अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाऊ नये, १२० ला पाव, १८० ला जेमतेम ०.१. आधीच्या ग्रिटचे ओरखडे निघाले की त्या बेल्टचं काम संपलं.

भोसरी वर्कशॉप
दादा, मी सहमत नाही. चूक कापाची नाही, ग्रिटची आहे. एवढं काढायचं होतं तर ६० लावायला हवा होता आणि फीड (फळी पुढे सरकण्याचा वेग) कमी करायला हवी होती. आमच्याकडे पहिल्या हेडला (फळीला आधी लागणाऱ्या बेल्टला) कडक रोलर आहे, त्यावर रोज एक मिलिमीटर काढतो, डाग पडत नाही. दुसरं, फार हलका कापही वाईट. दाणा लाकडात घुसतच नाही, नुसता घासत राहतो आणि बोथट होतो. शिवाय सात फुटी फळी प्रत्येक पासाला मागून पुढे आणायला दोन माणसं लागतात. त्यांची मजुरी गिऱ्हाईक देत नाही.

धायरीचा सुतार
ग्रिटचा मुद्दा मान्य, बोथट होण्याचाही. पण फळीची रुंदी सांगितल्याशिवाय कापाबद्दल बोलणं अर्धवट आहे. १०० मिलिमीटरच्या पट्टीवर एक मिलिमीटर आणि ९०० च्या फळीवर एक मिलिमीटर, मोटरवरचा भार नऊपट होतो. म्हणून आकड्याआधी काट्याकडे बघावं. त्यातून सागवान तेलकट. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल खरवडून काढला नाही तर उष्णतेने मऊ होतो आणि बेल्टवर चिकटतो. जिथे चिकटला तिथे बेल्ट कापत नाही, जाळतो. माझे पट्टे बरोबर सांध्यांच्या रेषेत आहेत, म्हणजे खरवडण्यात मीही कमी पडलो होतो. तरी अर्ध्या मिलिमीटरच्या कापाला एवढी उष्णता झाली नसती.

व्हिनियरवाला, कर्वेनगर
आमच्या व्हिनियरला, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या लाकडी पापुद्र्याला, यातलं काहीच लागू नाही. रोलर वर उचलायचा, फक्त पॅडवर (बेल्ट मागून दाबणाऱ्या मऊ गादीवर), १८० ने एक हात.

चिखलीची सुपरवायझर
पट्टे परत घासून निघतील. मला काळजी ऑपरेटर कुठे उभा होता याची. चिकटवलेली फळी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. चारही कोपरे आणि मध्ये व्हर्नियर लावून सर्वांत जाड जागेवर मशीन सेट करायचं असतं. पातळ जागेवर सेट केलं आणि मध्येच जाड भाग आला, तर दाबाच्या रोलरमधून सुटून फळी उलटी, माणसाच्या पोटाकडे येते. दोन दाब रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा तर घालायचाच नाही, तो आत तिरका होतो. फळीच्या रेषेत उभं राहू नये, बाजूला राहावं. हातमोजे नकोत आणि फळी पुढे सरकू लागली की खालचा हात लगेच सोडावा, नाहीतर बोटं फळी आणि फीडच्या पट्ट्यामध्ये सापडतात. घाईने मोठा काप घेणारा माणूस मोजायचीही घाई करतो, हे मी रोज बघते.

भोसरी वर्कशॉप
ताई, उभं राहण्याचं शंभर टक्के बरोबर. पण बेल्ट एका बाजूला पळत असेल तर दार उघडून, मशीन चालू ठेवूनच ट्रॅकिंग (बेल्ट मधोमध राहतो का ते) बघावं लागतं. त्यासाठी दाराचा लिमिट स्विच (दार उघडलं की मशीन बंद करणारा) बांधून ठेवल्याशिवाय काम होत नाही. अनुभवी माणूस असेल तर काही होत नाही.

चिखलीची सुपरवायझर
नाही भाऊ, इथे मी एक पाऊलही मागे येणार नाही. बेल्ट सेकंदाला १५-२० मीटर धावतो. तो फाटला तर अनुभवी माणसाचा हात मागे यायलाही वेळ मिळत नाही. बेल्टची डावी-उजवी हालचाल दार बंद ठेवून काचेतून दिसते. काच भुशाने माखली असेल तर ती पुसा. ट्रॅकिंगचा स्क्रू फिरवायचा तो मशीन थांबवून, थोडं फिरवायचं, पुन्हा चालवून बघायचं. आधी हवेचा दाब तपासा, बेल्टचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे का तपासा, ट्रॅकिंगच्या डोळ्यावरचा (बेल्टची कड ओळखणाऱ्या सेन्सरवरचा) भुसा उडवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये बेल्ट पळतो त्याचं कारण बऱ्याचदा मशीनमध्ये नसतं. दमट हवेत कडा वळलेला बेल्ट खिळ्याला टांगलेला असतो. जाड पाइपवर, कोरड्या खोलीत टांगा, वापरायच्या आदल्या दिवशी मोकळा करून ठेवा.

भोसरी वर्कशॉप
आमचे खिळ्यालाच आहेत. पाइप आज बसवतो, स्विचची तारही आजच काढतो. कापाबद्दल मात्र माझं मत तेच: ६० ग्रिट, कमी फीड, एक मिलिमीटर.

धायरीचा सुतार
मग रुंदीही सांगा, भाऊ. तुमच्या फळ्या किती रुंद असतात?

भोसरी वर्कशॉप
बहुतेक ४०० च्या आत.

धायरीचा सुतार
माझी ८५० ची होती.