मदत हवी आहे : किशोरवयीन स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा स्वतःला मारून घेतो

आम्ही मुलुंडला राहतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा स्वमग्न असून मोजकेच शब्द बोलतो. वयात येऊ लागल्यापासून तो मुठीने कानशिलावर मारून घेतो आणि अंगठ्याच्या मुळाशी इतका चावतो की तिथली कातडी जाड व काळपट झाली आहे. नातेवाइकांना हा हट्ट वाटतो. मला तसे मुळीच वाटत नाही. ज्याला दुखणे सांगता येत नाही, त्याच्या अशा वागण्यामागे दाढदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा पित्त असू शकते, आणि स्वमग्न मुलांमध्ये किशोरवयात फिट्स सुरू होण्याचीही शक्यता असते, म्हणून आधी या तपासण्या व्हाव्यात असे माझे ठाम मत आहे. अडचण दातांची आहे, कारण तो तोंड उघडू देत नाही. भूल देऊन अशा मुलांचे दात तपासणारे दंतवैद्य मध्य रेल्वेच्या बाजूला कोणाला माहीत आहेत का?

मारण्याआधी काय घडले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, याची नोंद मी वहीत ठेवते. कुकरची शिट्टी, मिक्सर, गणपतीतले ढोल यांच्या वेळी प्रमाण वाढते. पण कधी सगळे शांत असताना, मध्यरात्रीही तो सुरू होतो, आणि तेच मला उलगडत नाही. अशा नोंदी नीट वाचून त्याला ‘नको’, ‘दुखतंय’ हे चित्रांनी सांगायला शिकवणारे थेरपिस्ट हवे आहेत. हात बांधण्याचा सल्ला कृपया देऊ नये. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे औषध सुचवले आहे. त्याने चिडचिड कमी होऊ शकते, पण भूक आणि वजन वाढते, हे मी जाणते. ज्यांच्या मुलांनी ते घेतले आहे, त्यांनी वजन कसे सांभाळले ते कळवावे.